शकुन सिस्टरची मागची सीट

पत्रूभाऊ टेलर मोटारसायकलच्या पुढच्या सीटवर पहिल्यांदा बसले तेव्हा त्यांचं वय अठ्ठेचाळीस होतं. रविवारची सकाळ होती, आमच्या शाळेचं पटांगण होतं, आणि भाऊंच्या गळ्यात मापाची टेप तशीच लोंबकळत राहिली होती. मागं त्यांच्या पत्नी बसल्या होत्या, शकुन सिस्टर, आमच्या उपकेंद्राच्या नर्सबाई.

"आता घाबरू नका जी," सिस्टर म्हणाल्या. "घाबराचं मंग, काम झाल्यावर."

भाऊंनी क्लच सोडला. गाडीनं बेडकासारखी एक उडी मारली, बंद पडली आणि डाव्या कुशीवर कलंडली. तिच्यासोबत दोघंही. मी व्हरांड्यातून धावत जाईपर्यंत सिस्टर उठल्या होत्या. साडीची माती झटकत भाऊंना विचारत होत्या, "लागलं का? नाई ना? झालं मंग. एक पडणं कमी झालं."

आता मी भद्रावतीला राहते. आमच्या कॉलनीच्या रस्त्यावर कुणी नवशिका गाडीला आचके देत निघाला की मी हातातलं काम ठेवून खिडकीशी जाते. त्याच्या मागं कोण बसलंय ते बघते. बहुतेक वेळा मागं कुणी नसतंच.

भाऊंचं गाव आलापल्लीच्याही पुढं, सागवानाच्या जंगलातून तासभर गेल्यावर लागायचं. माझी पहिली नेमणूक तिथली. नवरा इकडे भद्रावतीला कारखान्यात, आणि मी तिकडे दोन वर्गांची एक शिक्षिका. पत्रूभाऊंच्या घराला लागून एक खोली होती, ती मी भाड्यानं घेतली. मधे फक्त कुडाची भिंत. तिकडे भाऊंची शिलाई मशीन चालायची, इकडे मी वह्या तपासायची.

पहिल्याच आठवड्यात मला थंडी वाजून ताप आला. सिस्टरांनी दारातच गाडी उभी केली, आत आल्या, बोटाला टोचून रक्त घेतलं आणि विचारलं, "जेवल्या का?"

"नाही. इच्छा नाही."

"मंग तापानं काय खावं? तुमाले खाईन ना तो!" असं म्हणून त्यांनी माझ्याच चुलीवर मऊ भात टाकला आणि तो शिजेपर्यंत उभ्याउभ्या माझ्या घरादाराची सगळी चौकशी करून घेतली. सिस्टर बसत नसत. चहासुद्धा गाडीच्या सीटला टेकून, स्टीलच्या पेल्यातून. बसलं की माणसाला थकल्याचं कळतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

बुटक्या, सावळ्या, केसांचा घट्ट अंबाडा. अंगावर साडी आणि साडीवर भाऊंचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट. साडी चेनमधे अडकू नये म्हणून भाऊंनी निऱ्यांच्या आतून पायजमा शिवून दिला होता. तो प्रकार बाहेरून दिसत नसे, पण सिस्टर टांग टाकून गाडीवर बसल्या की कळायचा. आलापल्लीच्या दवाखान्यातल्या दोन नर्सबायांनीही पुढं भाऊंकडून तसल्या साड्या करून घेतल्या.

मंगळवारी आणि शुक्रवारी सिस्टर लसीचा डबा घेऊन जंगलातल्या पाच पाड्यांवर जायच्या. गाडी त्याच चालवायच्या, आणि मागं मांडीवर डबा घेऊन पत्रूभाऊ. नवीन लग्न झालं तेव्हा सिस्टर एकट्याच जायच्या. पण त्या परत येईपर्यंत भाऊंच्या हातून एक शिवण सरळ पडत नसे. शेवटी त्यांनी त्या दोन दिवसांचं दुकानच बंद ठेवलं आणि डबा धरायला जाऊ लागले. अशी पंधरा वर्षं. भाऊंना साधी सायकल येत नव्हती. गाडी सुरू झाली की ते डोळे मिटून घेत आणि पाडा आल्यावर उघडत. पाचही पाड्यांतली माणसं त्यांना नावानिशी ओळखायची. रस्ता मात्र भाऊंनी कधी पाहिलेला नव्हता.

पानठेल्यावरचे लोक चेष्टा करायचे. "पत्रू, बायकोच्या मागं बसून जाते. लाज नाई वाटत?"

भाऊ शांतपणे सुपारी चघळत म्हणत, "गाडी पडली तर मी तिच्यावर पडतो. मले काऊन लाज वाटन?"

गंमत म्हणजे ते स्वतःही बायकोला सिस्टर म्हणत. गाव म्हणायचं म्हणून तेही. "सिस्टर, भाजीत मीठ कमी आहे." "सिस्टर, तुमचे चष्मे कुठी ठेवले?" चष्मा एकच होता, पण सिस्टरांचा म्हणून त्याचंही अनेकवचन. कुडाच्या भिंतीपलीकडून हे ऐकताना मला आधी हसू यायचं. नंतर नंतर मी ते ऐकायलाच वह्या हळूहळू तपासायला लागले.

दुसऱ्या वर्षी भादव्यात सिस्टर नाल्यात घसरल्या. गाडी अलीकडच्या काठावर ठेवून दोघं पायी नाला ओलांडत होती. डबा त्या दिवशी सिस्टरांच्या हातात होता. शेवाळलेल्या दगडावर पाय सरकला आणि डबा पाण्यात जाऊ नये म्हणून त्यांनी तो डाव्या हातानं वर उचलला. अंगाचा सगळा भार उजव्या पंजावर आला. मनगट दोन ठिकाणी मोडलं. तशाच त्या पलीकडे गेल्या, डाव्या हातानं डबा उघडला, आणि पाड्यातल्या नऊ लेकरांची लस भाऊंना सुया धरायला लावून पूर्ण केली. मग परतीला नाल्याजवळ बसून रडल्या. हे भाऊंनी मला सांगितलं. "म्याडम, पहिल्यांदा मी तिले बसलेली पाह्यलं."

चंद्रपूरला नेऊन पलस्तर घातलं. सहा आठवड्यांचं पलस्तर. लोकांना ताकीद देण्यात जन्म गेलेली ही बाई स्वतःच्या बाबतीत महावांड निघाली. चौथ्या आठवड्यात पलस्तर पावसात भिजलं, आत खाज सुटली, आणि सिस्टरांनी भाऊंची कापड कापायची कात्री घेऊन ते कापून टाकलं. मी ओरडले, तर म्हणाल्या, "लोकाय्ले सांगाले मी हाये ना. मले सांगाले कोण होतं?"

हात जोडला गेला, पण वाकडा. मूठ मिटेना. पाण्याचा तांब्या उचलता येईना, तिथं रेस कुठून पिळणार? गाडी अंगणात उभी राहिली, तिच्यावर भाऊंनी जुन्या पडद्याची खोळ शिवून घातली.

सुईचं काम मात्र सिस्टरांनी थांबू दिलं नाही. डाव्या हातानं टोचायचा सराव त्यांनी वांग्यांवर सुरू केला. रोज सकाळी पाव किलो वांगी ओळीनं मांडायची, रिकाम्या सिरिंजमध्ये पाणी भरायचं आणि एकेका वांग्याला म्हणायचं, "हं, झालं बापा, झालं. मुंगी चावली फक्त." महिनाभर आम्ही दोन्ही घरी वांग्याचीच भाजी खाल्ली. दिवाळीच्या सुमारास त्यांनी माझ्या दंडावर धनुर्वाताचं इंजेक्शन डाव्या हातानं दिलं. मला कळलंसुद्धा नाही. त्यांनी मात्र सुई काढून एक लांब श्वास सोडला, तेव्हा मला कळलं की त्या आत किती धास्तावलेल्या होत्या.

पण पाड्यांवर जायचं कसं? गावात चार-पाच जणांकडे गाड्या होत्या, पण धानाची कापणी टाकून दर मंगळवारी आणि शुक्रवारी कोण येणार? एकदा गेले, दोनदा गेले. त्यात तालुक्याहून निरोप आला. सिस्टरांना फिरती होत नसेल तर त्यांनी ऑफिसात बसून रजिस्टर सांभाळावं, राहायला खोलीसुद्धा मिळेल. निरोप आणणाऱ्या माणसानं ही आनंदाची बातमी म्हणून सांगितली.

"टेबलाले लस टोचू का मी?" सिस्टर म्हणाल्या. तो माणूस गेल्यावर त्या अंगणात खोळ घातलेल्या गाडीला टेकून खूप वेळ उभ्या होत्या. दुकानात मशीन बंद होती. भाऊ आत सगळं ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात दात घासत होते. भाऊ ब्लाउजला काजं करत बसले होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "सिस्टर, ते गेअर डाव्या पायात असते का उजव्या?"

सिस्टर चुलीशी होत्या. त्यांनी फुंकणी खाली ठेवली. "डाव्या," इतकंच म्हणाल्या. पण मी त्यांचा चेहरा पाहिला.

पहिले धडे शिलाई मशीनवर झाले. सिस्टर शेजारी उभ्या. "पायडल मारता तेव्हा एकदम दाबता का जी?"

"नाई. धागा तुटते."

"मंग क्लच तसाच सोडाचा. एका हातानं कापड सोडता, दुसऱ्या हातानं चाक फिरवता, खाली पाय चालते, अन् डोळे सुईवर. चारी कामं संगच करता ना? अजून काय असते गाडीत?"

"गाडी समोर जाते," भाऊ म्हणाले. "मशीन जागच्या जागी राह्यते."

सिस्टर खो खो हसल्या, भाऊही हसले, आणि मग रविवारी दोघं गाडी ढकलत शाळेच्या पटांगणावर घेऊन आली.

पुढचे दहा-बारा रविवार गावाला दुसरी करमणूक लागली नाही. माझी पोरं कुंपणावर बसून भाऊ किती वेळा पडतात ते मोजायची. पानठेल्यावरची मंडळी चहा घेऊन यायची. कुणीतरी ओरडलं, "पत्रू, तुले नाई जमत, बायकोले समोर बसव!"

सिस्टरांनी मागच्या सीटवरून मान वळवली. "मी बसली समोर पंधरा वर्सं. आता माझी मागं बसाची पाळी. तुमच्या बायकोची पाळी कधी येते, भाऊ?" त्या माणसाची बायको तिथंच डोक्यावर पाण्याची गुंडी घेऊन उभी होती. तो चहा न संपवताच निघून गेला.

त्या मागं का बसतात हे मला कळेना. पडले तर त्यांचाच हात पुन्हा जायचा. मी एकदा तसं म्हटलं. सिस्टर म्हणाल्या, "मी खाली उभी राह्यली तर ते गाडी शिकतीन म्याडम. मी मागं बसली तर ते मले नेणं शिकतीन. मले तेच शिकवाचं हाये."

सहाव्या का सातव्या रविवारी भाऊ बऱ्यापैकी गोल फिरत होते आणि अचानक हातपंपावर गेले. पंपाचा दांडा वाकला, भाऊंचा गुडघा फुटला. ते उठले, गाडीकडे पाहिलंही नाही. "नाई होत मले. मी टेलर माणूस हाये. जा तुमी तालुक्याले, रजिस्टरं लिवा." आणि लंगडत घरी गेले. दुकानाचं दार आतून लावल्याचा आवाज आम्हाला पटांगणापर्यंत आला.

मला वाटलं सिस्टर मागोमाग जातील, समजूत घालतील. नाही. त्यांनी माझ्या मदतीनं गाडी उचलली, स्टँडवर लावली, आणि मागच्या सीटवर जाऊन बसल्या. पुढची सीट रिकामी. भर अकराचं ऊन. लोक पांगले, पोरं जेवायला गेली. सिस्टर तशाच, वाकडा हात मांडीवर ठेवून. मी पाणी नेलं तर प्यायल्या, सावलीत चला म्हटलं तर हलल्या नाहीत. जी बाई चहाला बसत नव्हती, ती त्या दिवशी तासभर बसली.

शेवटी शाळेच्या फाटकातून भाऊ आले. गुडघ्याला कापडाची पट्टी बांधली होती.

"उनात काऊन बसल्या?"

"मी सवारी हाये," सिस्टर म्हणाल्या. "डायवरची वाट पाहून राह्यली."

भाऊंनी खांद्यावरचा रुमाल काढून सिस्टरांच्या डोक्यावर टाकला, पुढं बसले आणि किक मारली. त्या दिवशी मी भात करपवला, कारण मी व्हरांड्यातून हललेच नाही. भाऊंनी सतरा फेऱ्या मारल्या. पडले नाहीत.

पुसाच्या महिन्यात एका शुक्रवारी दोघं पहिल्यांदा पाड्यावर गेली. सगळ्यात लांबचा पाडा, दोन्ही बाजूंना घनदाट जंगल. संध्याकाळी चारला गाडीचा आवाज आला तेव्हा मी पळत अंगणात आले. भाऊंचा चेहरा विजयी होता. त्यांनी पाड्यावरच्या म्हाताऱ्यांनी कसा "जोहार" घातला, तिथल्या गायत्यानं, म्हणजे पुजाऱ्यानं, गाडीला हात लावून कसं पाहिलं, हे सगळं मला दोनदा सांगितलं. पहिल्यांदाच डोळे उघडे ठेवून तो रस्ता पाहिला होता त्यांनी. "म्याडम, किती पळस हायेत वाटेनं! मले मालूमच नव्हतं."

सिस्टर पेल्यातला चहा संपवून म्हणाल्या, "अन् अस्वलही होतं."

"कुठी?"

"वळणावर. मोहाच्या झाडाखाली. उजव्या हाताले."

भाऊंचा पेला खाली आला. "तू पाह्यलं?"

"हो. चांगलं मोठं होतं. आपल्याकडेच पाहून राह्यलं होतं."

मला तो रस्त्यावरचा संवाद नंतर दोघांकडून कळला. वळणावर सिस्टरांना अस्वल दिसलं, फार तर वीस पावलांवर. त्या वेळी भाऊ तिसरा गेअर टाकण्याच्या खटपटीत होते. सिस्टर मागून नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या होत्या, "समोर पहा. क्लच दाबा. टाका तिसरा. हं. आता सांगा, उद्याले दाळ करू का वांगं?" भाऊंनी वांगं नको, दाळ करा, असं उत्तरही दिलं होतं.

त्यांचं भांडण मी त्या तीन वर्षांत एकदाच ऐकलं, ते त्या संध्याकाळी. "शकुन!" भाऊ ओरडले. सिस्टर नाही, शकुन. "काऊन नाई सांगतलं मले? आं? काई झालं असतं मंग?"

"सांगतलं असतं तर तुमी क्लच सोडला असता. गाडी तिथीच बंद पडली असती, अस्वलाच्या पुढं."

"अन् तू एकटीच पाहत बसली!"

"मंग? दोघानं घाबरून काय फायदा?"

भाऊ पेला तिथंच ठेवून दुकानात गेले. सिस्टर माझ्याकडे वळल्या. "म्याडम," त्या हळूच म्हणाल्या, "माझे तर पायच गेले होते. बरं झालं बसली होती."

त्यानंतर तीच व्यवस्था कायम झाली. पुढं भाऊ, मागं डबा घेऊन सिस्टर. तालुक्याचा निरोप परत गेला. सुरुवातीला सिस्टर मागून गेअर सांगायच्या, खड्डे सांगायच्या. पुढं भाऊंना ते सांगायची गरज उरली नाही, पण बोलणं थांबलं नाही. कुठल्या पाड्यातल्या पोराचं वजन वाढलं, कुणाची सून नांदायला आली, लोणच्याला तेल कमी पडलं, असं काहीबाही. संध्याकाळी मी पायरीवर बसलेली असायची. आधी सिस्टरांचा आवाज यायचा, मग गाडीचा.

गावात मोबाइलला रेंज फक्त शाळेच्या पायरीवर. तिथूनच मी ह्यांना फोन करायची. "जेवलात?" "हो. तू?" "हो." मग दोघंही शोधायचो, अजून काय विचारावं. फोन ठेवायच्या सुमाराला तिकडून ती दोघं यायची, भाऊ मान किंचित मागं कलती ठेवून ऐकत असायचे, आणि मी फोन कानाला तसाच धरून त्यांच्याकडे बघत राहायची. हेवा म्हणू नये त्याला. मला त्यांचं काहीच नको होतं. मला फक्त तसं कुणाच्या तरी पाठीशी बसून निरर्थक बोलत यायचं होतं.

तिसऱ्या वर्षी माझी बदली झाली. सरकारी भाषेत त्याला पती-पत्नी एकत्रीकरण म्हणतात. सिस्टरांनी तो कागद मोठ्यानं वाचायला लावला आणि हसत म्हणाल्या, "जा वं माय. सरकारनं सांगतलं तं एकत्रीकरण करा." मग हसणं आवरून, डाव्या हातानं माझी हनुवटी धरून म्हणाल्या, "त्यायच्या मागं बसत जा. अन् बोलत जा. माणसाले मागचं दिसत नाई ना, म्हणून बोला लागते."

मी भद्रावतीला आले. ह्यांच्या शिफ्टा, माझी शाळा, दोन गाड्या, दोन वेळा. ह्यांचं प्रेम नाही असं नाही. पण आम्ही एकत्र कुठं जातो तेव्हा हेल्मेटमध्ये काही ऐकू येत नाही, असं ते म्हणतात, आणि ते खरंही आहे.

दोन वर्षांनी, श्रावणात, तिकडच्या हेडमास्तरांचा फोन आला. सिस्टर गेल्या. दुपारी जेवून दुकानात बाजेवर टेकल्या, भाऊ कुणाचं तरी झंपर बेतत होते. सिस्टर त्यांच्याशी काहीतरी बोलत होत्या, आणि बोलता बोलता थांबल्या. भाऊंना वाटलं डोळा लागला. म्हणून त्यांनी मशीन चालवली नाही, आवाज होईल म्हणून.

मी निघाले, पण पूर आला होता, रस्ता बंद. पाणी उतरून मी पोचले तेव्हा पंधरा दिवस झाले होते. गाडीवर पुन्हा पडद्याची खोळ होती. भाऊ मशीनसमोर बसले होते. सुईत दोरा नव्हता. मला पाहून म्हणाले, "या म्याडम. सिस्टर..." आणि त्यांनी रिकाम्या बाजेकडे बोट दाखवलं. मी शेजारी बसले.

मग त्यांनी सांगितलं की नवीन नर्स आली आहे, नागभीडकडची, बावीस-तेवीस वर्षांची मुलगी. तिला पाड्यांचे रस्ते माहीत नाहीत. ती दोनदा विचारायला आली होती, काका, शुक्रवारी न्याल का.

"मग?"

"मी हात नाई लावला गाडीले तवापासून."

दुपारी मला परत निघायचं होतं. रस्ता वाहून गेल्यानं बस गावात येत नव्हती, फाट्यावरूनच जायची, आणि फाटा सहा किलोमीटर. मी पायी जाते म्हटलं. भाऊ उठले. त्यांनी खोळ काढली, टाकीवर साचलेली धूळ रुमालानं पुसली. चौथ्या किकला गाडी सुरू झाली. मी मागं बसले.

गाव संपलं, जंगल लागलं, आणि मला जाणवलं की गाडी डगमगतेय. रस्ता ओला होता, पण तेवढा नाही. भाऊंचे खांदे ताठरलेले होते. एका खड्ड्यात चाक घसरलं, गाडी कशीबशी सावरली. ते थांबले. एक पाय खाली टेकवून, मागं न बघता म्हणाले,

"म्याडम, तुमी काई बोलून नाई राह्यल्या."

"काय बोलू, भाऊ?"

"काईही. मले मागून आवाज लागते. आवाज नसला का मी कोणाले घेऊन चाललो, तेच समजत नाई."

सिस्टरांबद्दल बोलायला गेले असते तर आम्ही दोघंही रस्त्याकडेला बसलो असतो. म्हणून मी घरचं सांगायला लागले. आमच्या क्वार्टरमागं ह्यांनी दोडक्याचा वेल लावलाय. दोडके धरले की माकडं येतात. ह्यांनी दगड मारून पाहिले, फटाके लावून पाहिले. मग एका रविवारी बांबूला स्वतःची जुनी पँट-शर्ट घातली, वर मडकं ठेवलं, मडक्याला मिशासुद्धा काढल्या. गाडी निघाली होती. पहिला, दुसरा. मी सांगत होते की माकडांची टोळी आली, भिंतीवर बसून त्या बुजगावण्याकडे बघत राहिली, आणि त्यांतलं एक थोराड नर माकड उतरून त्याच्या अगदी जवळ गेलं. भाऊंनी तिसरा टाकला. त्यांची मान किंचित मागं कलली होती. गाडी सरळ चालली होती.

फाटा आला तेव्हा बस समोरून येतच होती. भाऊंनी वेग कमी केला, मी हात वर करायला हवा होता. पण गोष्ट अजून पुरी व्हायची होती. कंडक्टरनं दारातून आमच्याकडे पाहिलं. भाऊंनी मानेनंच नाही म्हटलं, आणि मीही हात वर केला नाही. बस चिखल उडवत निघून गेली. पुढची दीड तासानं होती.

भाऊंनी गाडी बंद केली. दोन्ही पाय जमिनीला टेकवून ते तसेच पुढं बसून राहिले, मी मागं.

"हं," ते म्हणाले. "मंग काय झालं?"